नाल्याचं पाणी

काच वितळून तारेला घट्ट धरेपर्यंत तिने नळी ज्योतीवर फिरवत ठेवली. मग टोक पॉलिश पेपरवर घासलं. सुईच्या अग्राएवढा पिवळा ठिपका दिसला तशी ती थांबली. हा तिसावा इलेक्ट्रोड.

पाण्यातलं शिसं मोजायचा विकतचा इलेक्ट्रोड परवडण्यातला नव्हता. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी तिला घरच्या घरी करायला शिकवलं, शिसं असलं की रेघ वर चढवणारा जुना मीटरही दिला. "माझ्या विद्यार्थ्यांना वर्षभरात जमलं नाही, बाई," ते म्हणाले होते. तिला आठवड्यात जमलं. दहा वर्षं याच टेबलावर तिने लोकांचे रेडिओ दुरुस्त केले होते. सोन्याची केसाहून बारीक तार सोनाराने लेकीच्या कानातल्या डुलातून ओढून दिली. डूल देताना तिला काहीच वाटलं नाही. लेक जाऊन पाच महिने झाले होते, आणि तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

लेकीच्या रक्तात शिसं सापडलं होतं. गल्लीतल्या सगळ्या नळांचं पाणी तिने तपासलं. मीटरची रेघ सपाट. मग नवरा बॅटरीच्या कारखान्यामागच्या नाल्यातून बाटली भरून आणू लागला. रेघ टोकदार वर चढली. दर खेपेला चढली.

"तू बस, मी आणतो," तो म्हणायचा. तिकडे जाणं तिच्या जिवावर यायचं.

तिने प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. आज उत्तर आलं.

"उद्या तपासनीस येतोय," त्याच टेबलावर ताट वाढताना ती म्हणाली. "माझ्यासमोर नाल्याचं पाणी घेणार आहे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"तक्रार मागे घे."

"घाबरलास?"

"नाही. नाल्यात शिसं नाही."

"मी स्वतः मोजलंय."

"बाटलीत मी टाकत होतो."

तिने शांतपणे त्याच्या ताटात भाजी वाढली. "कशाला?"

त्याने ताट बाजूला सरकवलं.

"डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं," तो म्हणाला. "शिसं तिच्या पोटात या टेबलावरून गेलं. तुझ्या सोल्डरिंगच्या चुऱ्यातून."