तेलातली लाटी

गुणाजीने पापड उजेडाकडे धरला. त्यातून अंगणात लावलेली सायकल अंधुक दिसली, तसा तो खूश झाला.

"अक्का, बघ. पेनचा पापड म्हनतात तो हा."

बायजाबाईने नुसती मान हलवली.

गुणाजीची नागोठण्याला हायवेवर खानावळ होती. मासे, भाकरी, सोलकढी, कशालाच कोणी नाव ठेवत नसे. पण पापड तोंडात गेला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करी. तेव्हा या चैत्रात पोह्याचे पापड करणारं एखादं चांगलं घर कायमचं धरायचं, हे त्याने मनावर घेतलं. थोरली बहीण बायजाबाई म्हणाली, "मी पन येते. घरं मला ठाऊक हायत." त्याला बरंच वाटलं. तेवढाच तिच्या जिवाला विरंगुळा.

बायजाबाईला लेकीचं दुःख होतं. थोरल्या सरूला तिने खात्यापित्या घरी दिली होती. बघायला गेले त्या दिवशी त्या घराने काय पाहुणचार केला! तिथल्या श्रीखंडाची चव गुणाजीला अजून आठवते. आणि त्याच घरात सरू वाळत चालली होती. माहेरी आली की ती हावऱ्यासारखी जेवायची आणि निघताना रडायची. आता धाकट्या शांतीच्या लग्नाचा विषय निघाला की बायजाबाई धास्तावायची. "एकीचं झालं ते झालं. दुसरीला नाय तसं होऊ द्यायची," एवढंच ती म्हणे. गुणाजी तिला समजावी, "पापडाचं मार्गी लागू दे, मग शांतीसाठी बाहेर पडू."

पेणच्या त्या घरात सुना खाली माना घालून लाटत होत्या. लाटण्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. धाकटा मुलगा बाहेरून आला, "पाणी" म्हणाला, तशी एक सून लाटणं ठेवून उठली.

"लाटी मिळंल काय?" बायजाबाईने विचारलं.

पापडाच्या पिठाचा तो कच्चा गोळा तेलात बुडवून खायला गुणाजीलाही भारी आवडे. सासूबाईंनी दोघांच्या हातावर चांगल्या मोठ्या लाट्या ठेवल्या.

"तुमी पन घ्या गो," बायजाबाई सुनांना म्हणाली.

सुनांनी सासूकडे बघितलं.

"त्यांना नको असते," सासूबाई हसल्या. "लाट्याच खात बसल्या तर पापड कधी व्हायचे?"

बाई धंद्याला पक्की आहे, असं गुणाजीला वाटलं. अशाच घराशी व्यवहार करावा.

रोह्याच्या घरी पापडखार जरा जास्त झाला होता. तिथेही बायजाबाईने लाटी मागून घेतली. सुनेने ती दिली आणि पाठ वळवून स्वतःच्या तोंडात पटकन एक तुकडा टाकला. तेवढ्यात तिचा धाकटा दीर कंपनीतून आला आणि जेवण अजून का वाढलं नाही म्हणून तिच्यावर खेकसला. बायजाबाई लगेच उठली. "चल गुणाजी, ऊन चढलं."

परतताना वाटेत खांब गावातलं घर होतं. तिथे पाय ठेवताच गुणाजीने कपाळाला हात लावला. ओसरीवर नुसता हसण्याखिदळण्याचा गोंधळ. पापड एक बशीएवढा तर एक ताटाएवढा, आणि गोल कुठलाच नाही.

"पापड कोन लाटतं?" त्याने विचारलं.

मालू नावाच्या सुनेने हात वर केला. बोलता येईना, कारण तिच्या तोंडात लाटी होती. सासू शेजारीच बसून तिच्या वाटीत तेल ओतत होती. "खा गो सावकाश. पापड काय पळून जातात?"

सासूचा धाकटा मुलगा पुंडलिक कंपनीत रात्रपाळी करून आला होता. तो खाटेवरचे पापड उलटत होता.

"भावजी, ते आताच उलटले मी!" मालू ओरडली. तो हसला आणि निमूट पुन्हा सरळ करायला लागला.

इथे बायजाबाईला काही मागावं लागलं नाही. बसते न बसते तोच म्हातारीने तिच्या हातात लाटी दिली. ती खाता खाता बायजाबाईने पुंडलिकाला कंपनीचं विचारलं, मालूला माहेरचं विचारलं. उठायचं नावच घेईना. मग गुणाजीने बघितलं, तर तिचे डोळे भरून आले होते.

"मिरची झोंबली काय गो अक्का?"

"व्हय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

गुणाजीने चुलीवर एक पापड भाजून घेतला. एका बाजूला करपला, दुसऱ्या बाजूला कच्चाच राहिला. त्याने कसंबसं हसून निरोप घेतला.

बाहेर येऊन त्याने स्कूटरला किक मारली. "पेनचंच घर पक्कं करू ना?"

"कर. खानावळीला तेच पापड शोभतील."

"झालं तर मग! आता शांतीचं बघू. सोमवारपासनं स्थळं बघायला निघू आपन."

बायजाबाई मागे बसली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बघून झाली तिन्ही," ती म्हणाली. "गाडी बंद कर नि आत चल. पुंडलिकाच्या आईला सांग, मुलीकडची मानसं आलीत."