हत्यारं पूजेला बसण्याआधी

"आता शेवटचं सांग. आज सांगशील तसं करून देतो. एकदा पूजा झाली की मग मी पान्याला हात लावणार न्हाई."

नवनाथने सायकल अंगणाच्या मधोमध उभी केली आणि कमरेवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. आज खंडेनवमी. पाट मांडून झाला होता. पाने, पक्कड, हातोडी पुसून त्यावर ठेवायची तेवढी बाकी होती. हळदकुंकू लागलं की दसरा होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही, हा त्याच्या बापापासूनचा नेम. आणि दसरा झाला की साखर कारखान्याचा बॉयलर पेटणार. मग नवनाथ फिटरला जेवायला सवड मिळत नाही, सायकलीचं कोण बघतो!

सत्यभामाही दसऱ्यानंतरच कामावर रुजू होणार होती. परळी स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात, रक्त तपासायला. घर शहराच्या या टोकाला, दवाखाना त्या टोकाला. रिक्षा भरायची वाट बघत बसलं तर पहिल्याच दिवशी उशीर. तेव्हा निकाल आजच लागायला हवा होता. एक तर ही सायकल, नाहीतर उद्या दुकानातली.

दुकानातली हा शब्दसुद्धा नवनाथला सोसत नव्हता. उन्हाळ्यात विषय निघाला तेव्हा सत्यभामाच म्हणाली होती, "विकत नको. तुमीच जोडून द्या." झालं! गडी हवेत. बायकोचा दुकानापेक्षा आपल्या हातावर भरवसा आहे, हे त्याने अख्ख्या कारखान्याला ऐकवलं. लग्न जमवताना तिच्या मामाने सांगितलं होतं, पोरगी सायकलवर कॉलेजला जाते. तेही त्याने वर जोडलं.

काम खरोखर देखणं झालं होतं. साडी नेसून चढता यावं म्हणून सांगाडा बिनदांडीचा. थर्मल वीजकेंद्राची उडती राख चेनमध्ये बसू नये म्हणून चेनकव्हर पूर्ण बंद. पुढे डब्यासाठी जाळी, तीही त्याने स्वतः वेल्डिंग केलेली. असली सायकल परळीत दुसरी नाही, असं तो म्हणायचा आणि त्याला ते पटलेलंही होतं.

पण सत्यभामेचं समाधान होईना. आधी हँडल उंच झालं. ते खाली घेतलं तर सीट रुंद निघाली. सीट बदलली तर ब्रेक कडक. ब्रेक सैल केले तर घंटी बारीक वाजते म्हणाली. त्याची आई मुक्ताबाई ओट्यावरून टोमणे मारायची, "लेका, दुकानातून आणली असती तर एव्हाना जुनी झाली असती."

नवनाथ दात-ओठ खात पुन्हा पाना उचलायचा. त्यातच त्याच्या स्वतःच्या जुन्या सायकलचं पॅडल वाकलं. तो कारखान्याच्या बसने जायचा, सायकल दिवसभर घरी भिंतीला टेकलेली. त्याने शेजारच्या सटवाच्या म्हशीला शिव्या घातल्या. एकदा सत्यभामेच्या गुडघ्याला हळद लावलेली दिसली, तर म्हणाली, ओट्याला लागलं. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा सासू-सुना मारुतीच्या देवळातून नुकत्याच परतलेल्या असत. देवळातून माणसं इतकी घामाघूम होऊन कशी येतात, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही.

तिने आता नको म्हटलं तर कारखान्यात तोंड दाखवायची सोय नव्हती. त्याहून वाईट म्हणजे, हिला आपल्या हाताचं काही आवडत नाही, हे त्याला कायमचं लागून राहिलं असतं.

सत्यभामा सायकलभोवती एक फेरी मारून आली. ब्रेक दाबून पाहिला. पदर खोचला.

"आता काहीच बदलायचं न्हाई," ती म्हणाली. "बसवा हत्यारं पूजेला."

आणि पॅडलवर पाय ठेवून ती अंगणाबाहेर पडलीसुद्धा. नालीपाशी जराशी डुगडुगली, सावरली आणि घंटी वाजवत कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

नवनाथचा जीव भांड्यात पडला. "बघ माय, बघ! जोडलेल्या सायकलीचा तोल बघ!"

मुक्ताबाईचं लक्ष नव्हतं. पाट ओलांडून ती भिंतीकडे गेली आणि त्याच्या जुन्या सायकलच्या वाकड्या पॅडलला तिने आधी हळदकुंकू लावलं.

"हिला कावून पहिलं?"

"हिच्यावरच शिकली ना ती. पडली, उठली, पुन्हा बसली. मागून कॅरिअर धरून पळता पळता माझी कंबर गेली."

"पण मामा तर म्हणले व्हते..."

"लग्न जमवताना मामा लोक लई काही म्हणतात, बाबा."

नवनाथने ते वाकडं पॅडल हाताने फिरवून पाहिलं. तेवढ्यात सत्यभामा गल्लीला वळसा घालून परत आली आणि एक पाय टेकवून थांबली. दम लागलेला, चेहरा फुललेला.

"शिकायचंच व्हतं तर दुकानातली नको कावून म्हणलीस?" त्याने विचारलं.

"अहो, दुकानातली दुसऱ्याच दिवशी चालवावी लागली असती की!"