अण्णांनी घातलेली चप्पल

अण्णा आमदार झाल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही, असं शिवशरणनं महादेवाच्या पायरीवर हात ठेवून सगळ्या गावासमोर सांगितलं, त्याला दहा वर्षं झाली. उन्हाळ्यात उमरग्याच्या डांबरावर तळवे पोळले, रानात काटे मोडले, पण गड्यानं शब्द मोडला नाही.

यंदाही अण्णा पडले. आणि महिना व्हायच्या आत, ज्यांनी पाडलं त्यांच्याच पक्षात गेले. प्रवेशाच्या कार्यक्रमात त्यांनी शिवशरणला स्टेजवर बोलावलं आणि स्वतः खाली वाकून त्याच्या पायात नवी कोरी चप्पल घातली. "आता आपुन सत्तेत हाव, शिवशरण. बास झालं तुझं." टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

घरी आल्यावर बायकोनं, महानंदानं, त्याच्या पायांकडं बघत विचारलं, "लागतीया का ओ?"

"काय कळंना बग," तो म्हणाला.

सोमवारी त्यानं ती चप्पल देवळाबाहेर मुद्दाम अगदी कडेला काढली. दर सोमवारी तिथनं कुणाची ना कुणाची नवी चप्पल हमखास चोरीला जायची. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, माणसं पांगली, तरी तो आत खांबाला टेकून बसून राहिला.

बाहेर आला तेव्हा पायरीवर एकच जोड उरला होता, आणि त्याला पाय सरकवायला सोपं जावं म्हणून कुणीतरी तो नीट सरळ करून ठेवला होता.