चुडाव्याच्या ठेसनावरची हाक

चुडाव्याच्या ठेसनावर इंजिन पाणी घ्यायलं होतं. मी रुळाच्या कडेला मेंढरं चारत होते. चार वर्सांची माझी केवळा बोट धरून उभी होती. मेंढरं रुळाकडं वळली तशी मी त्यांना हाक दिली.

डब्याची खिडकी उघडली. आत बसलेल्या बाईला बघून ठेसनातल्या जमादारानं वाकून सलाम केला.

"भागुबाई, नीट उभी ऱ्हा! तबकडीवर गातात त्या नौबहारबाई हायत ह्या. सगळा निजामाचा मुलूख ह्यांच्या आवाजामागं येडा झालाय."

बाईंनी मलाच जवळ बोलावलं. "किती गोड हाक आहे गं तुझी. पुन्हा दे."

एवढी मोठी बाई माझ्याशी बोलायली, मला लय भरून आलं. मी पुन्हा हाक दिली. बाईंनी डोळे मिटून ऐकली, अन् तश्शीच काढून दाखवली. सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या. केवळानंबी.

बाई हसल्या. मीबी हसले.

गाडी गेली. मेंढरं वळवायला मी हाक दिली, तर एकबी हललं न्हाई. माझ्याच हातची भाकर खाणारा आमचा कुत्रा माझ्यावर गुरगुरला.

तेवढ्यात, गाडी गेली त्या अंगानं, पुलापल्याडून हाक आली. माझीच हाक. मेंढरं तिकडं उधळली.

"केवळा, चल घरी," मी म्हणले.

पोरीनं घाबरून माझ्या तोंडाकडं पाहिलं. बोट सोडवून घेतलं अन् रडत रुळावरून पळत सुटली.

"आये, थांब गं! मलाबी घेऊन जा!"