कळी न् कळी

“विहीणबाई, अशा जवळ या!” दिगंबर फोटोग्राफरने खुर्ची नव्या, टेबलभर पसरलेल्या मॉनिटरसमोर ओढली. त्याच्या लेकीच्या, रेवाच्या, साखरपुड्याचे फोटो निवडायला त्या आल्या होत्या.

“फोटोंना अजून हातही लावलेला नाही, काढले तसेच आहेत. जुन्या टीचभर पडद्यावर काय दिसायचं? आता रेवाच्या गजऱ्यातली कळी न् कळी मोजून घ्या!” त्याने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

गजरा पडदाभर पसरला. त्याच्याखाली, मानेवर, घामाने मेकअप ओघळला होता आणि तिथे रुपयाएवढा पांढरा डाग लख्ख दिसत होता.

विहीणबाई पुढे वाकल्या. “कोड आहे?”

स्थळासाठी पाठवलेल्या फोटोतून हाच डाग दिगंबरने सफाईने पुसला होता. रेवा ‘सांगून टाकूया’ म्हणत होती. त्यानेच तिला गप्प बसवलं होतं.

विहीणबाईंनी पर्स उचलली आणि चहाला हातही न लावता त्या पायऱ्या उतरून गेल्या.

दारात उभी असलेली रेवा पडद्यावरच्या आपल्या मानेकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “आता पुसा ना, बाबा. तुम्हाला तर येतं.”