कणकेची बालवाडी

"अन्नाचा खेळ करता व्हय हो बाई?" रंगुबाईंनी बालवाडीच्या दारातूनच तोंड सोडलं.

आत पोरं गोल करून बसली होती. कुणी हळद घालून मळलेल्या कणकेचे साप वळत होतं, कुणी चिमटीत धरून मणी करत होतं. रंगुबाईंची नात चांगुणा आपल्या सापात अगदी गुंग होती. तिच्या नाकालाही कणीक लागली होती.

सोनईच्या या आळीत बालवाडी सुरू झाली ती सत्तर सालच्या दिवाळीनंतर. तरण्या साळूबाई नगरला शिकून इथं लागल्या होत्या आणि पोरांना रोज घरून मूठभर पीठ आणायला सांगत होत्या. त्या नरमाईनं म्हणाल्या, "मावशी, आधी बोटांत बळ येऊ द्या. मग पेन्सिल नीट धरतील."

"आमच्या बोटांत काय साप वळून बळ आलं व्हय? पोरीला अजून एक अक्षर येत न्हाई, आन् पीठ मातर रोज जातंय!"

रंगुबाईंनी चांगुणाला बखोटीला धरून उचललं. त्यांचा शब्द म्हणजे आळीचा कायदा. दुपारपर्यंत सगळ्या आयांनी आपापली पोरं नेली. पोरंच नसतील तर बालवाडीला कुलूप लागणार आणि आपली नोकरी जाणार, हे साळूबाईंना कळून चुकलं. रिकामी सतरंजी बघून त्यांना रडू फुटलं.

इकडे रंगुबाईंच्या ओसरीवर वेगळंच रडगाणं चालू होतं. धाकट्या लेकीचं, छबूचं, लग्न चार दिवसांवर आलेलं. रुखवतात मांडायला आणि खिरीत घालायला गव्हले हवे होते, कणकेचे, गव्हाच्या दाण्याएवढे, एकेक चिमटीत वळलेले. आळीत ते काम गोजरबाईंचं, पण यंदा त्यांना दिसेनासं झालं होतं. बाकीच्यांची बोटं खुरपं धरून राठ झालेली. त्यांतून नुसते हरभरे पडत होते.

"खीर करायची का उसळ?" शेजारच्या भागूबाईंनी चिमटा काढला.

रंगुबाई फणफणल्या. मुलाकडच्या बायका नावं ठेवण्यात पटाईत. भर मांडवात हसं होणार, या धास्तीनं त्यांना घाम फुटला. मग त्यांची नि भागूबाईंची चांगलीच जुंपली.

चांगुणा कोपऱ्यात रुसून बसली होती. मोठ्यांचं लक्ष नाही असं बघून तिनं परातीतला कणकेचा गोळा पळवला. भांडण ओसरल्यावर रंगुबाईंनी मागं वळून पाहिलं, तर पोरीपुढं ताटलीत ढीग झाला होता. बारीक, एकसारखे, टोकदार गव्हले.

"कुनी शिकवलं गं तुला हे?"

"हे व्हय? हे सापाचं दात हायेत," चांगुणा म्हणाली.

रंगुबाईंनी एक गव्हला चिमटीत धरून उजेडात निरखला. मग पोरीची बोटं उलटसुलट करून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई गावी जायच्या तयारीनं सतरंजी गुंडाळत होत्या. तेवढ्यात दारात रंगुबाई येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर ओल्या फडक्यानं झाकलेली भलीमोठी परात. मागं आळीतली सगळी पोरं, हात स्वच्छ धुतलेली. आता आणखी काय ऐकावं लागतंय, म्हणून साळूबाई अर्धी गुंडाळलेली सतरंजी तशीच सोडून उठल्या.

रंगुबाईंनी परात सतरंजीवर ठेवली, पदर खोचला आणि दटावून सांगितलं,

"हे बघा बाई, लगीन होईस्तवर पोरांना एक बी अक्षर शिकवायचं न्हाई!"