रकान्याचं नाव

"खऱ्या डेटाबेसले हात लावू नको," रूपाली फोनवर ऑफिसातल्या नवनीतला म्हणाली आणि हिरव्या बांगड्या कोपराकडे सारून तिने लॅपटॉप उघडला. काल लग्न झालं होतं, आज सकाळी ती सारंगखेड्याच्या या घरात आली होती. पण शहाद्याच्या दूध डेअरीचं सॉफ्टवेअर काही नव्या नवरीसाठी थांबणारं नव्हतं.

थोड्या वेळाने नाव ठेवायचं होतं. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, ते. सासूने, शोभाबाईंनी, नाव ठरवलं होतं, पण ओठावर येऊ दिलं नव्हतं. रूपालीला रूपालीच राहायचं होतं. "आईले तूच सांग," म्हणून धर्मेंद्रने अंग काढून घेतलं होतं. नवरे अशा वेळी फार हुशार होतात.

"शोभाबाई, तांदूळ!" शेजारच्या रुक्मिणीबाईंनी ओसरीवरून हाक मारली. शोभाबाई ढिम्म. दुसऱ्या हाकेला त्यांनी मान वळवली. शोभा हे नावही त्यांना लग्नात असंच तांदळात मिळालेलं. त्यांना कमी ऐकू येतं, असं अख्खी गल्ली म्हणायची. फोनवरचं दबकं बोलणं मात्र त्यांनी बरोबर ऐकलं होतं.

"काय बिघडनं व?" त्यांनी सुनेला विचारलं.

"एक रकानानं नाव बदलानं व्हतं, आई. 'मोबाइल'नं 'संपर्क'. आम्ही कोडमा नाव बदलतस, मंग टूल डेटाबेसना फेरफार सोताच लिखी देस. पन त्याले वाटस, जुना रकाना मरी गया अन नवा जनमना. तो जुना काढी फेकस."

"अन त्यामा जे व्हतं ते?"

"बठं पुसाई जास. नवनीतनी डेटाबेसनी नक्कलवर चालाडं, एक बी नंबर ऱ्हायना नही."

"मंग?"

"टूलनी ओळ खोडीसन आपले सोता लिखनं पडस, का हाऊ रकाना तोच शे, फक्त नाव बदलनं."

शोभाबाई जवळ सरकल्या. "अन कोनीच नही लिखं तर?"

"तर नाव नवं. आतमा काहीच नही."

आपल्या मनातलं आता सांगावं म्हणून रूपालीने तोंड उघडलं, तेवढ्यात शोभाबाई उठून आत गेल्या. तिने ओळ दुरुस्त करून पाठवली. नवनीतचा निरोप आला, सगळे नंबर जागेवर आहेत. तिला खूप हायसं वाटलं.

मग ताट आलं. शोभाबाईंनी धर्मेंद्रच्या कानात नाव सांगितलं. त्याने चमकून आईकडे पाहिलं आणि अंगठी तांदळात टेकवली. अक्षरं उमटली: तुळशी.

आपण बोलायला उशीर केला, असं वाटून रूपालीचे डोळे भरून आले.

"झकास नाव शे," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी नव्या नावाने हाक मारली. "तुळशी, ऊठ माय."

रूपालीने पदराने डोळे टिपले.

"ओ," पहिल्याच हाकेला शोभाबाई उठल्या. "रूपाली, तू बशी ऱ्हाय."